मुका माज

— अठरा. अठरा. अठरा.

— खालच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडं बॉम्ब आहे का?

— सरळ पळतायत की गोल?

— म्हस गप हाय. रोजच्यापेक्षा जास्त गप.

— सँडल नको. बूट घाल.

— आई जगाला सांगायची, आमची सून बाळंतपणं करते.

— भात सात शितांचा नसतो.

— चार आणि थोडं.

(नेरूळ, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जानेवारीतला शनिवार, सकाळचे आठ. डॉ. प्रियदर्शिनी म्हशींच्या प्रजननावर अठ्ठावीस वर्षं संशोधन करून निवृत्त झालेली, कालच हॉस्पिटलातून घरी आलेली. सुधीर, तिचा नवरा, निवृत्त नकाशाकार. सगुणा, उरणकडच्या गावातली म्हशीवाली, फोनच्या स्पीकरवर.)

सगुणा: बाय, आयकतेस ना? बुधी माजावर हाय.

प्रियदर्शिनी: कधीपासून?

सगुणा: पाटंपासून. धार काराया बसली मी, तवाच समजला.

प्रियदर्शिनी: ओरडली का?

सगुणा: बुधी कवा वरडली? तिची आय नाय वरडली, तिची आजी नाय वरडली. दूध चोरलं तिनं. अर्धं आतच ठेवलं. आनि सारकी मागं वलून बगते, कोन पावना आलाय काय, तसं.

प्रियदर्शिनी: शेपूट?

सगुणा: एका बाजूला धरलंय. माशी बसली तरी हलवत नाय.

प्रियदर्शिनी: सुधीर, लिहून घे. पहाटे पाच. दूध चोरणं, वळून बघणं, शेपूट बाजूला.

सुधीर: काल दुपारी तुला घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस पलंग.

प्रियदर्शिनी: ते माणसांचे डॉक्टर. त्यांना माज कळत नाही.

सगुणा: सायेब हायेत काय तिथं? बाय लय बारीक झाली काय वो?

सुधीर: झाली. आवाज तेवढा शाबूत आहे.

प्रियदर्शिनी: लिहिलंस?

सुधीर: लिहिलं. अठ्ठावीस वर्षं सरकारनं तुला पगार दिला, म्हैस माजावर कधी येते ते शोधायला. यांना धार काढताना कळतं.

प्रियदर्शिनी: यांना कळतं. बाकी कोणाला कळत नाही, म्हणून पगार दिला. गाय ओरडून घर डोक्यावर घेते. म्हशीचा माज मुका. दिवस हातचा निघून जातो, म्हैस रिकामी राहते, आणि रिकाम्या म्हशीला लोक किती दिवस पोसणार?

सगुणा: त्येच तर सांगायला फोन केलाय. दोन येला नाय ऱ्हायली ती. आता चौदा वर्साची हाय. माजा तेजस बोलला, आये, ह्या खेपंला गाबन नाय ऱ्हायली तर मी ती इकायला गारी बोलावतो.

प्रियदर्शिनी: गाडी नाही बोलवायची. सकाळी माज दिसला तर संध्याकाळपर्यंत वेळ असतो. तुमच्या रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या आहेत माझ्याकडे. सात आहेत.

सगुणा: त्याचाच पायजे. परक्या जातीचा मुऱ्हा-बिऱ्हा नको मना. मुऱ्हा चार दिस आमच्या खारान उबा ऱ्हाला का खूर सरतो त्याचा. आमची म्हस गुरगाबर खारट चिकलान उबी ऱ्हाते आनि वर मानूस कसं बगते, काय पायजे तुला म्हनून.

प्रियदर्शिनी: माहितीये. बुधी शेवटची आहे त्या वंशातली, तेही माहितीये. मी कांड्यांचा नायट्रोजनचा कंटेनर बघते आणि फोन करते.

सगुणा: ठेवू नको. मी बसली हाय हितंच. चार्जिंग हाय.

प्रियदर्शिनी: बरं, चालू राहू दे. सुधीर, कंटेनरची वही आण.

सुधीर: कशाला? आधी पेज घे.

प्रियदर्शिनी: वही.

सुधीर: ही घे.

प्रियदर्शिनी: दोन तारखेला नायट्रोजन भरला, त्याच दिवशी मी ॲडमिट. चार तारीख, रविवार, अठरा सेंटिमीटर. अकरा तारीख, रविवार, अठरा. अठरा तारीख, रविवार, अठरा.

सुधीर: हं.

प्रियदर्शिनी: सुधीर.

सुधीर: अठरा तारखेला अठरा. लक्षात राहायला सोपं.

प्रियदर्शिनी: नायट्रोजन उडतो. त्याचं झाकण सैल असतं, मुद्दाम सैल असतं, घट्ट लावलं तर भांडं फुटेल. रोज थोडा थोडा उडतो. पहिल्या रविवारी अठरा असेल तर दुसऱ्या रविवारी बारा पाहिजे, तिसऱ्या रविवारी सहा. अठरा, अठरा, अठरा ही भिंतीची उंची असते. नायट्रोजनची नसते.

सुधीर: पहिलं मोजलं होतं.

प्रियदर्शिनी: आणि पुढची दोन?

सुधीर: राहून गेलं. मग लिहिलं.

प्रियदर्शिनी: लिहिलंस? तू? पाव मिलिमीटर चुकला म्हणून अख्खी शीट फाडणारा माणूस?

सगुणा: सायबाचं काय झालं?

प्रियदर्शिनी: काही नाही, सगुणाताई. आकडा चुकलाय.

सगुणा: सायबाची रेघ नाय चुकत कवा. आमच्या गुरचरनीतशी कशी सरल मारलीवती नकाशावर! रस्ता बी तसाच झाला.

सुधीर: पंचवीस वर्षं झाली, सगुणाबाई. अजून?

सगुणा: म्हशी इसरल्या. मी नाय.

प्रियदर्शिनी: भांडण नंतर. सुधीर, बाल्कनीतून कंटेनर आत आण. सरळ धर, तिरका करू नकोस. आणि सँडल नको. बूट घाल. मोजेही. पायावर थेंब पडला तर भाजल्यासारखी कातडी जाते.

सुधीर: बाल्कनीत ठेवल्यापासून खालच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडं बॉम्ब आहे का?

प्रियदर्शिनी: काय सांगितलंस?

सुधीर: म्हटलं, रेडा आहे. त्यांनी पुढं विचारलं नाही.

प्रियदर्शिनी: हसवू नकोस, टाके ओढतात. आता लाकडी पट्टी आत घाल. तळाला टेकव. दहा आकडे म्हण. काढ. हवेत हलव. खालून पांढरं धरेल, ते कुठपर्यंत येतंय?

सुधीर: टोकाला.

प्रियदर्शिनी: मोजून सांग. या वेळी तरी.

सुधीर: अर्धा सेंटिमीटर.

प्रियदर्शिनी: अर्धा.

सुधीर: अर्धा. नखाएवढं. प्रिया, बस. आधी बस तू.

प्रियदर्शिनी: पाचच्या खाली गेलं की त्या कांड्यांवर विसंबायचं नाही, असं मी पोरींना शिकवत आले. उणे एकशे शहाण्णव लागतं त्यांना. खाली अर्धा सेंटिमीटर आणि वर नुसती गार हवा. सुधीर, ती हवा पुरेशी गार होती की नव्हती, हे आता कोणी सांगू शकत नाही.

सुधीर: तूसुद्धा?

प्रियदर्शिनी: प्रकल्प बंद झाला तेव्हा सगळे म्हणाले, नोंदणी नसलेल्या जातीच्या कांड्या कशाला ठेवायच्या? चार ठिकाणी सह्या घेऊन मी या घरी आणल्या. अठ्ठावीस वर्षांचं एवढंच तर आहे हातात घेण्यासारखं. बाकीचे सतरा पेपर आहेत. पेपरला कोणी पारडू होत नाही.

सगुणा: बाय, मेले काय ते?

प्रियदर्शिनी: माहीत नाही, ताई. एक कांडी वितळवून बघावी लागेल.

सगुणा: बगून काय करशील?

प्रियदर्शिनी: जिवंत आहेत का कळेल. पण ती कांडी गेली. वितळवलेली परत गोठवता येत नाही.

सगुणा: मंग कशाला बगतीस? आन हिकरं, घाल. जित्ता असंल तर ऱ्हाईल.

प्रियदर्शिनी: आणि मेलेला असेल तर? संध्याकाळ गेली, माज गेला, पुढचा एकवीस दिवसांनी. तुमचा तेजस थांबेल एकवीस दिवस? मेला असेल तर मला आत्ता कळलं पाहिजे, म्हणजे तिकडच्या पशुवैद्य नमिताला सांगून दुसऱ्या रेड्याचं तरी घालता येईल.

सगुणा: दुसरा नको, बोलली ना मी.

प्रियदर्शिनी: बुधी तरी राहील ना तुमच्या गोठ्यात. गाभण म्हैस कोणी विकत नाही.

सुधीर: शितावरून भाताची परीक्षा करायची, सगुणाबाई. एकच शीत.

सगुणा: सायेब, भात सात शितांचा नसतो.

प्रियदर्शिनी: बरोबर बोलतायत त्या.

सुधीर: मग?

प्रियदर्शिनी: तरीही बघायचं. ताई, रागावा. पण मी डोळे मिटून म्हशीत काही घालणार नाही. कधी घातलं नाही.

सगुणा: रागवत नाय. भ्या वाटतंय.

प्रियदर्शिनी: मलाही. सुधीर, मगमध्ये पाणी. सदतीस अंश. गीझरचं पाणी घे आणि थर्मामीटर धरून थंड घालत जा. आणि कपाटातून मायक्रोस्कोप. काचपट्टीसुद्धा कोमट पाहिजे, गार काचेवर ते आखडतात. पेजेच्या पातेल्याच्या झाकणावर ठेव.

सुधीर: पेज गेली का संशोधनाला?

प्रियदर्शिनी: पेज पिते मी. तू पाणी बघ.

सगुणा: बाय, तवर एक इचारू?

प्रियदर्शिनी: विचारा.

सगुणा: माज्याकरशी दुदाचे नमुने न्यायचीस तू, बाटल्यांनी. दूध चोरते, वलून बगते, समदं लिवून न्यायचीस. त्या तुज्या पेपरान माजं नाव हाय काय?

प्रियदर्शिनी: नाही.

सगुणा: मंग काय लिवलंय?

प्रियदर्शिनी: 'स्थानिक पशुपालकांच्या निरीक्षणानुसार.'

सगुणा: त्यो कोन?

सुधीर: सगुणाबाई, हिचं काम आमच्या घरीही कोणाला कळलं नव्हतं. आमची आई जगाला सांगायची, आमची सून बाळंतपणं करते. शेजारच्या यशोदाबाईंची मुलगी सातव्या महिन्यात दाखवायला आली. हिनं दार उघडलं तेव्हा खांद्यापर्यंत म्हशी तपासायचा प्लास्टिकचा हातमोजा.

सगुणा: मंग?

सुधीर: पोरगी माघारी गेली. प्रिया, सदतीस झाले.

प्रियदर्शिनी: साडेसदतीस नाही ना?

सुधीर: सदतीस. ये, बघ हवं तर.

प्रियदर्शिनी: आता चिमट्यानं एक कांडी. भांड्याच्या गळ्याच्या वर बाकीच्या येऊ देऊ नकोस. पिवळी. सोड पाण्यात. तीस सेकंद. मोज, मोठ्यानं.

सुधीर: एक. दोन. तीन...

सगुणा: सात होत्या ना?

प्रियदर्शिनी: आता सहा.

सुधीर: ...अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

प्रियदर्शिनी: काढ. पूस, कोरडी कर. टोक काप. तूच काप. काचपट्टीवर एक थेंब. वर पातळ काच. सरक, मला बघू दे.

सगुणा: काय दिसतंय?

प्रियदर्शिनी: थांबा.

सगुणा: बाय?

प्रियदर्शिनी: दोन-दोन दिसतंय सगळं. औषधांनी झालंय हे. डोळ्यातून पाणी येतंय. काहीतरी हलतंय, पण ते हलतंय की माझा डोळा हलतोय, कळत नाही. सुधीर, तू बघ.

सुधीर: मी? मला काय कळतंय त्यातलं?

प्रियदर्शिनी: रेघा कळतात ना? बस. बाजूचं चाक हळू फिरव. दिसलं?

सुधीर: धुकं. थांब. हां. आयला.

प्रियदर्शिनी: काय?

सुधीर: बारीक रेघा आहेत. शेपट्या.

प्रियदर्शिनी: हलतायत?

सुधीर: काही पडून आहेत. काही पळतायत.

प्रियदर्शिनी: सरळ पळतायत की गोल?

सुधीर: म्हणजे?

प्रियदर्शिनी: थंडी मोडून धक्का बसलेले असतात ते एकाच जागी गोल फिरतात. ते कामाचे नाहीत. शहाणा असतो तो सरळ जातो. दहातले किती सरळ?

सुधीर: वेळ दे.

सगुणा: बोला ना सायेब.

सुधीर: सगुणाबाई, एक मिनिट. अंदाजानं सांगणार नाही. कोपऱ्यातला एक चौकोन धरलाय मनात, तेवढाच मोजतो. मग दुसरा कोपरा.

प्रियदर्शिनी: सुधीर, ऐक. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तुझ्या आकड्यावर मी म्हैस भरायला पाठवणार आहे.

सुधीर: पहिल्या कोपऱ्यात दहातले पाच. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात चार, आणि एक असा आहे की जातो सरळ पण मध्येच विचार बदलतो. त्याला काय धरू?

प्रियदर्शिनी: त्याला सोड.

सुधीर: मग चार आणि थोडं. तुला पाच आवडले असते. पण चार आणि थोडं.

प्रियदर्शिनी: परत बघ.

सुधीर: चार आणि थोडं.

प्रियदर्शिनी: पाच म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला नसता.

सुधीर: पुरतात चार?

प्रियदर्शिनी: पुरतात. चाळीस टक्के पुरतात. सुधीर, पुरतात! ताई, जिवंत आहेत. ताई?

सगुणा: आयकते. थांब, बुधीला सांगून येते.

सुधीर: खरंच गेल्या काय सांगायला?

प्रियदर्शिनी: जातात त्या. तू उभा का राहिलास? तुर्भ्याला नायट्रोजनवाल्याला फोन कर, आधी कंटेनर भरून घे, मगच उरणचा रस्ता. गाडीत मांडीवर धर, काच थोडी उघडी ठेव. नमिताला मी सांगते. माझ्या हाताखाली शिकलीय, तिचा हात हलका आहे. आज दोन कांड्या वापरू दे, चार परत आण.

सुधीर: आणि तू?

प्रियदर्शिनी: मी पलंगावर. पंधरा दिवस. डॉक्टरांचं ऐकायला नको?

सुधीर: वॉचमननं विचारलं, काय नेताय, तर?

प्रियदर्शिनी: सांग, वरात.

* * *

सगुणा: बाय, सत्तर दिस झाले आज.

प्रियदर्शिनी: एकाहत्तर. मी मोजतेय. नमिता आली होती?

सगुणा: आताच गेली. हात घातला तिनं. मी बुधीच्या तोंडाकरं उबी. नमिता काय बोलंच ना. मी बोलली, अगं पोरी, बोल की. तर बोलते, मावशी, गप ऱ्हावा, मी बाईंनी शिकवल्यासारकं तीनदा बगते.

प्रियदर्शिनी: तीनदाच बघायचं असतं. मग?

सगुणा: मंग हात काढला. आनि हसली.

प्रियदर्शिनी: हसली म्हणजे काय? तोंडानं काय म्हणाली?

सगुणा: बोलली, हाय. गाबन हाय. डाव्या बाजूला.

प्रियदर्शिनी: डाव्या बाजूला.

सगुणा: तेजस बी उबा व्हता. गेला आनि पेंडीचं पोतं सोरलं त्यानं. सायेब हायेत काय?

सुधीर: आहे, ऐकतोय. तेजसची गाडी?

सगुणा: गारी-बिरी काय नाय आता. सायेब, तुमी त्या दिवशी आलात, कंटेनर मांडीवर धरून, पोराला धरल्यावानी. गावान बायका इचारतात, कोन व्हता त्यो? मी सांगितलं, ज्यानं आमच्या गुरचरनीतशी रस्ता मारला, त्योच. आता म्हस गाबन करून गेला.

सुधीर: अहो, असं सांगू नका गावात.

सगुणा: सांगितलं बी. बाय, ठेवते. धारंची येल झाली. जीव कसा हलका झाला बग.

प्रियदर्शिनी: ताई, एक मिनिट. मी नवीन टिपण लिहायला घेतलंय. या वेळी नाव घालणार आहे तुमचं.

सगुणा: घाल. पन पूर्न घाल. सासऱ्याचं बी, रेडा त्यांचा व्हता. ठेवते.

सुधीर: ठेवला?

प्रियदर्शिनी: ठेवला. रडत नाहीये मी. त्या गोळ्यांनी पाणी येतं डोळ्यातून.

सुधीर: गोळ्या फेब्रुवारीत संपल्या.

प्रियदर्शिनी: मग चहा ठेव.

सुधीर: ठेवलाय. आलं घातलंय.

प्रियदर्शिनी: किती वर्षांनी असं बरं वाटतंय, सांगू? प्रोजेक्ट नाही, रिपोर्ट नाही, कोणाला दाखवायचं नाही. नुसती एक म्हैस गाभण आहे. तू काय बघतोयस असा?

सुधीर: वहीतला तो दुसरा अठरा. अकरा जानेवारीच्या रविवारी तू शुद्धीवर नव्हतीस.